परवानगीची किल्ली



दिवाळीच्या सुट्टीत नातू आला तो एक पारदर्शक कुलूप घेऊन. आतले सगळे भाग बाहेरून दिसत होते. सोबत पातळ सळयांचे पाकीट आणि दोन-तीन विचित्र कापलेल्या किल्ल्या. जेवण झाले की हा त्यात गुंग. विचारले तर म्हणाला, "आजी, हा छंद आहे. परदेशात याचे क्लब असतात."

माझ्या मनात पाल चुकचुकली. आपण मुलांना लहानपणापासून अचौर्य शिकवतो आणि हा चोराची विद्या शिकतोय की काय? पण पावती पाहिल्याशिवाय वहीत खर्च लिहायचा नाही, ही माझी कॉमर्सची सवय. म्हटले, आधी माहिती घेऊ, मग रागावू. वाचायला बसले आणि थेट १८५१ च्या लंडनला जाऊन पोहोचले.

त्या काळी लंडनच्या पिकॅडिली भागात जोसेफ ब्रामा यांच्या कंपनीचे दुकान होते. ब्रामांनी १७८४ मध्ये आपल्या कुलपाचे पेटंट घेतले होते. त्यांची किल्ली आपल्या ओळखीची दातेरी नाही, ती बारीक नळीसारखी. नळीच्या टोकाला कमीजास्त खोलीच्या खाचा. त्या खाचांनी कुलपातल्या पट्ट्या नेमक्या तेवढ्याच आत दाबल्या गेल्या तरच कुलूप फिरते. दुकानाच्या खिडकीत असे एक १८ पट्ट्यांचे कुलूप टांगलेले असे आणि त्यावर जाहीर आव्हान: हे उघडणारे साधन जो बनवून दाखवील त्याला २०० गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे २१० पौंड झाले. ब्रामा १८१४ मध्ये वारले, तरी कुलूप खिडकीत तसेच होते.

दुसरे नामांकित कुलूप चब यांचे. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत बनावट किल्ल्या वापरून चोरी झाली. तेव्हा सरकारने बक्षीस लावले, की फक्त स्वतःच्याच किल्लीने उघडेल असे कुलूप करा. १८१८ मध्ये जेरेमाया चब यांनी ते केले. त्यातली गंमत अशी, की कुणी चुकीची किल्ली घालून आतली पट्टी जरा जास्त उचलली, की कुलूप अडकून बसते. मालक आपली किल्ली लावतो तेव्हा ती फिरत नाही आणि त्याला कळते, कुणीतरी हात लावून गेले. गोदीजवळच्या कैदी-जहाजावर एक कैदी होता, मूळचा कुलपे बनवणारा. हे उघडलेस तर माफी आणि वर १०० पौंड, असे त्याला सांगितले. सुटकेची आशा असलेला माणूस किती जीव तोडून प्रयत्न करील! काही महिन्यांनी त्यानेही हात टेकले.

मग १८५१ मध्ये हाइड पार्कात मोठे जागतिक प्रदर्शन भरले. लोखंड आणि काचेचा तो प्रचंड महाल पाहायला जगभरातून लोक आले. अमेरिकेतून अल्फ्रेड हॉब्स नावाचे गृहस्थ आपल्या कंपनीचे कुलूप दाखवायला आले होते. त्यांनी सांगितले, की तुमची कुलपे मी उघडून दाखवतो. जुलैत वेस्टमिन्स्टरच्या एका इमारतीत, साक्षीदारांसमोर, एका तळघराच्या दारावरचे चबचे कुलूप त्यांनी २५ मिनिटांत उघडले. ७ मिनिटांत पुन्हा बंदही केले. 

यानंतर ब्रामा. इथली शिस्त पाहून मला आपल्या ऑडिटची आठवण झाली. तीन पंच नेमले. मुदत ३० दिवसांची. कुलूप लाकडी फळ्यांत बसवून टाकले, फक्त किल्लीचे भोक मोकळे. हॉब्स यांनी स्वतः घडवलेली साधने आणली आणि १६ दिवसांत मिळून ५१ तास काम केले. शेवटी कुलूप उघडले. नंतर त्याची खरी किल्ली लावून ते बिघडले नसल्याची खात्री केली. ब्रामा कंपनीने कुरकुर केली, की एवढा वेळ आणि एवढी साधने कुठल्या चोराला मिळणार? पण पंचांनी कौल दिला आणि कंपनीने २०० गिनी मोजल्या. ते कुलूप आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

इंग्लंडभर गदारोळ झाला. असली माहिती उघड केली तर चोरांचे फावेल, असे लोक म्हणू लागले. १८५३ मध्ये हॉब्स यांच्या माहितीवरून कुलपांवर एक पुस्तक निघाले. त्यात या शंकेला उत्तर आहे. त्याचा मथितार्थ असा, की चोराला त्याचा धंदा तुमच्याआमच्यापेक्षा चांगला कळतो. अंधारात राहतो तो भोळा गिऱ्हाईक. कमकुवत कुलपाची खरी किंमत त्याला कळली पाहिजे. मला हे पटले. खोटे वजन उघडकीला आणणारा काही खोटे वजन वापरणारा नसतो.

पुढे अमेरिकेच्या लायनस येल यांनी हॉब्स यांनी मिरवलेले ते अमेरिकन कुलूपही उघडून दाखवले. मग १८६० च्या दशकात त्यांनी स्वतःची नवी रचना केली. आपल्या लॅचची चपटी, करवतीसारख्या दात्यांची किल्ली त्याच रचनेची. एकाने उघडायचे आणि दुसऱ्याने सुधारायचे, अशी ही पिढ्यान्‌पिढ्या चाललेली गोष्ट आहे. नातवाच्या क्लबांचे मूळही यातच. जर्मनीत १९९७ मध्ये हॅम्बुर्गला असा छंदीष्टांचा संघ सुरू झाला, पुढे नेदरलँड्समध्येही. या लोकांचे दोन नियम ठरलेले असतात: स्वतःच्या मालकीचे नसलेले कुलूप मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचे नाही, आणि दारावर वापरात असलेल्या कुलपावर हात चालवायचा नाही.

हे वाचले आणि मी थांबले. आपल्याकडे चोरीला जुना शब्द आहे, अदत्तादान. अदत्त म्हणजे न दिलेले. ते घेणे म्हणजे चोरी. त्या शब्दात कुलूप नाही, किल्ली नाही, हातचलाखीही नाही. दिले होते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

त्याच १८५१ च्या प्रदर्शनात कोहिनूर हिरा मांडला होता. त्याच्यासाठी खास पिंजरा चब यांनीच बनवला होता. हिरा तिथे आला कसा? १८४९ मध्ये पंजाबचे राज्य खालसा झाले, तेव्हा दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंहाकडून करारावर सही घेऊन. कुठलेही कुलूप फोडले नाही, कुठलीही बनावट किल्ली केली नाही. कागद अगदी व्यवस्थित. आणि हॉब्स यांनी दोन नावाजलेली कुलपे उघडली, पण नेले काहीच नाही. आता सांगा, अदत्त कोणी घेतले?

माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची लोखंडी ट्रंक बंद होती आणि किल्ली सापडत नव्हती. कोपऱ्यावरचा किल्लीवाला अर्ध्या तासात कानस घासून नवी किल्ली करून देतो, हे मला माहीत होते. हे म्हणालेही, "उघडून टाक, आपल्याच घरात आहे." माझा हात धजावला नाही. थोरल्या जाऊबाई आणि वन्सं तेराव्यापर्यंत होत्या, पण त्या दिवसांत विषय काढवला नाही. तीन महिन्यांनी दोघी आल्या, तेव्हा त्यांच्यासमोर किल्लीवाल्याला बोलावले. आत दोन बांगड्या, मंदिराच्या देणगीच्या पावत्या आणि थोडी रोकड निघाली. मी तिथेच यादी केली, तिघींनी सह्या केल्या. वन्सं तेव्हा हसल्या होत्या, "वहिनी, अगदी बँकच केलीस." पण आज वीस वर्षे झाली, त्या ट्रंकेवरून आमच्यात कधी एक शब्द वाकडा गेला नाही.

नातवाला मी रागावले नाही. ते दोन नियम त्याच्याकडून वदवून घेतले आणि कोठीतले गंजलेले कुलूप हातात दिले. त्याची किल्ली कुठे गेली, ते कुणालाच आठवत नाही. दोन दिवस झटतो आहे. अजून उघडले नाही.