पेनिसिलिनची गोळी : परिचारिकेच्या हातून घराच्या हाती

औषधांच्या इतिहासात शोधाची तारीख सर्वांच्या ध्यानात राहते; ते औषध सामान्य माणसाच्या घरी कसे पोहोचले, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. पेनिसिलिनच्या बाबतीत हा दुसरा प्रवास पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्या प्रवासात औषधाबरोबर एक जबाबदारीही घरात आली. तिची आठवण आपणांस अजून आहे काय, हा प्रश्न आम्हांला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

१९२८ च्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जीवाणूंच्या एका बशीत बुरशी वाढलेली दिसली, आणि तिच्या भोवतालचे जीवाणू नाहीसे झालेले दिसले. त्या बुरशीतील द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करणे त्यांना साधले नाही. ते काम पुढे ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी हाती घेतले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जीवाणू टोचले व त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. ते चार वाचले, उरलेले चार मेले.

फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायावर हे औषध वापरण्यात आले. जंतुसंसर्गाने त्यांचा चेहरा, डोळे व फुप्फुसे ग्रासली होती. एका दिवसात उतार दिसू लागला, ताप ओसरला. परंतु औषधाचा साठा अत्यल्प होता. रुग्णाच्या लघवीतून पेनिसिलिन पुन्हा गाळून घेऊन तेच त्याला देण्यापर्यंत मजल गेली, तरी साठा संपलाच. दबलेले जीवाणू पुन्हा उसळले आणि मार्च महिन्यात त्या शिपायाचा अंत झाला. अर्धवट उपचार म्हणजे काय, हे पेनिसिलिनने आपल्या पहिल्याच पर्वात दाखवून दिले. तेव्हा औषध अपुरे पडले ते नाइलाजाने. आज ते अपुरे पडते ते पुष्कळदा आपल्या निष्काळजीपणाने.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. तरीही एक अडचण कायम होती. त्या वेळचे पेनिसिलिन जठरातील आम्लात नष्ट होई. म्हणून ते टोचूनच द्यावे लागे, आणि तेही दर काही तासांनी, रात्रंदिवस. रुग्णाला हा त्रास होताच. पण त्यात एक शिस्तही होती. मात्रा किती, वेळ कोणती, उपचार केव्हा थांबवावयाचा, हे सारे डॉक्टर व परिचारिका पाहत असत.

ही शिस्त सुटली तर काय होईल, याची कल्पना फ्लेमिंग यांना होती. ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल व्याख्यानात त्यांनी श्रोत्यांपुढे एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो आणि अपुरी मात्रा घेतो. जीवाणू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देण्यास शिकतात. पुढे तेच जीवाणू त्याच्या पत्नीला ग्रासतात आणि औषध असूनही ती दगावते. चूक एकाची, शिक्षा दुसऱ्याला, हा त्या दृष्टांताचा गाभा होय.

ही भीती लवकरच खरी ठरली, मात्र दुसऱ्या एका जीवाणूच्या बाबतीत. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी स्टॅफिलोकॉकस या जीवाणूचा अभ्यास केला, तेव्हा १९४८ पर्यंत तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जीवाणू पेनिसिलिनला जुमानत नाहीत, असे आढळले. उलट घसा सुजविणारा स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलिनपुढे हार मानतो. सर्व जीवाणूंना एकच न्याय लावता येत नाही, आणि म्हणूनच औषधाची निवड घरी बसून करता येत नाही.

गोळीचा शोध ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांतात, कुंडल या गावी लागला. तेथे बंद पडलेल्या एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात युद्धानंतर पेनिसिलिन तयार होऊ लागले होते. टाक्यांत नको ते जीवाणू शिरत. ते रोखण्यासाठी फिनॉक्सिइथेनॉल हे द्रव्य वापरले गेले आणि बुरशीपासून निराळेच पेनिसिलिन निपजले. ते आम्लात टिकते, हे अर्न्स्ट ब्रांडल व हान्स मार्गरायटर यांच्या ध्यानी १९५०च्या दशकाच्या आरंभी आले. हेच ‘पेनिसिलिन व्ही’. आता पेनिसिलिन पोटातून देता येऊ लागले. त्याच दशकात, १९५४ साली, आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन भारतात तयार होऊ लागले.

गोळी आली आणि परिचारिकेचे घड्याळ घराच्या भिंतीवर आले. स्ट्रेप्टोकॉकसमुळे होणाऱ्या घशाच्या दुखण्याचेच उदाहरण घेऊ. त्यातून मुलांना संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनने तो टळतो, हे अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील एका हवाई तळावरील अभ्यासाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. गोळीचा नेहमीचा क्रम दहा दिवसांचा ठरला. घसा मात्र दोन-तीन दिवसांतच दुखावयाचा थांबतो. चौथ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत, मूल खेळू लागल्यावरही, गोळी वेळेवर देणारे कोण? आई, आजी, मोठी बहीण. हृदयाचे रक्षण होते ते याच निमूट दिवसांत.

प्रत्येक आजाराला दहा दिवसच लागतात, असे मात्र नव्हे. काही आजारांत थोड्या दिवसांचा उपचारही पुरतो, हे अलीकडच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून मुदत डॉक्टरांनी ठरवावी. ती आपण तोडू नये, तशी वाढवूही नये. सर्दी-पडसे, फ्लू हे विषाणूंचे विकार. त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी राखणे किंवा शेजाऱ्याला देणे यात माया असली, तरी शहाणपण नाही. बाळाचे पातळ औषध स्वयंपाकघरातील चमच्याने न देता सोबतच्या मापाने द्यावे. औषध उपाशीपोटी घ्यावे की जेवणानंतर, हे विचारून घ्यावे. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर पुरळ उठले असेल, तर ते आधीच सांगावे. औषध घेतल्यावर चेहरा सुजला वा श्वास कोंडला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

भारत सरकारने २०१६ साली औषधांच्या वेष्टनावरील तांबड्या रेषेचा अर्थ लोकांना समजावून सांगण्याची मोहीम काढली : डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये. या इशाऱ्यामागील कारण गंभीर आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंनी जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसांचे प्राण थेट घेतले, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला.

ऑक्सफर्डच्या त्या शिपायाला वाचविण्यासाठी शास्त्रज्ञांनी औषधाचा कणन्‌कण जमविला होता. आज तेच औषध थोडक्या पैशांत आपल्या हाती येते. ते पुढील पिढीच्याही उपयोगी पडावे, असे वाटत असेल, तर परिचारिकेने सोपविलेले ते घड्याळ आपण घरात चालू ठेवले पाहिजे.