भाकरी आणि कापूस: सूत्र एकच, मग फरक कुठे?

खामगावचा कापूस बाजार इतका मोठा होता, की १८७० साली जलंबपासून तिथवर खास रेल्वेचा फाटा काढावा लागला. कपाशीच्या जोडीला ज्वारी, हे बुलढाणा जिल्ह्याचं जुनं पीकचित्र. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज आणि ज्वारीच्या दाण्यात मुख्यतः स्टार्च. आता दोघांचं सूत्र लिहून बघा. दोन्हीकडे (सी६एच१०ओ५)एन हेच येईल. मग भाकरी पचते आणि कापूस का पचत नाही?

याची सुरुवात साखरेपासून झाली. १८११ मध्ये किर्चहॉफ यांनी स्टार्च आम्लात उकळून साखर मिळवली. १८१९ मध्ये ब्राकोनो यांना आम्ल वापरून लाकडापासून आणि कापडापासूनही साखर मिळाली. ती साखर म्हणजे ग्लुकोज, सी६एच१२ओ६. दोन ग्लुकोज जोडले जाताना पाण्याचा एक रेणू निघून जातो, म्हणून साखळीतल्या प्रत्येक घटकाचं सूत्र सी६एच१०ओ५ उरतं.

१८३८ मध्ये आन्सेल्म पायेन यांनी वनस्पतींतून सेल्युलोज वेगळं काढून त्याचं विश्लेषण केलं. कार्बन सुमारे ४४ टक्के, हायड्रोजन सुमारे ६, म्हणजे अगदी स्टार्चसारखंच! आकडे बरोबर होते, पण फरक त्यांत दिसतच नव्हता.

तो समजायला विसावं शतक उजाडावं लागलं. हे लहान रेणूंचे पुंजके असावेत, असं बऱ्याच जणांना वाटायचं. १९२० मध्ये श्टाउडिंगर यांनी लांब साखळीची कल्पना ठामपणे मांडली, म्हणजे सूत्रातल्या ‘एन’ला खरा अर्थ दिला. त्यांना नोबेल मिळालं ते थेट १९५३ मध्ये. हॉवर्थ आणि इतरांच्या कामातून जोडणीही उलगडली: स्टार्चमध्ये अल्फा बंध, सेल्युलोजमध्ये बीटा. अल्फामुळे साखळी वेटोळी होते, तर बीटामुळे सरळ राहते आणि शेजारच्या साखळ्यांना घट्ट चिकटून धागा बनते. आपली विकरं अल्फा बंध तोडतात, बीटा नाही. म्हणून ज्वारीचा दाणा आपल्याला आणि कडबा बैलाला. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात.

तेव्हा उद्या तुमच्या नमुन्याचे टक्के पुस्तकाशी तंतोतंत जुळले, तर लगेच ‘ओळख पटली’ असं लिहू नका. कोणते अणू किती आहेत एवढंच त्यातून कळलं. ते कसे जोडलेत, हे अजून शोधायचंय.