दुरुस्तीचे दायित्व : मुंबईची चाळ आणि भाडेकायदा

मुंबईतील चाळजीवनावरील मराठी लेखनात गळके छप्पर, मोडका जिना आणि दुरुस्ती टाळणारा मालक वारंवार भेटतात. या टाळाटाळीचे कारण बहुधा मालकाच्या कृपण स्वभावात शोधले जाते. त्यामागील कायद्याचा इतिहास मात्र वाङ्मयीन चर्चेत क्वचितच विचारात घेतला जातो.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने हा प्रश्न मुख्यतः कराराच्या चौकटीत ठेवला होता. स्वाभाविक झीज वगळता जागा घेतली त्या स्थितीत राखणे हे भाडेकरूचे कर्तव्य. मालकाने स्वतःकडील दुरुस्ती सूचनेनंतरही न केल्यास भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी ही व्यवस्था होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने जागा राहण्याजोगी ठेवण्याचे दायित्व मालकावर टाकले. पण प्रमाणभूत भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. भाडेकरूला खर्च वळता करता येई तो वार्षिक भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. दरमहा २० रुपये भाडे धरल्यास ही मर्यादा वर्षाला ६० रुपये होते. दिल्लीच्या १९५८ च्या अधिनियमात तर ती एक-द्वादशांश ठरली.

अशा रीतीने कर्तव्य मालकाकडे राहिले, ते पार पाडण्याइतके उत्पन्न राहिले नाही. दुसरीकडे, बेकायदा असूनही प्रचलित असलेली पागडी मोजून आलेला भाडेकरू स्वतःला निव्वळ भाडोत्री मानीत नसे. दोघांचीही तक्रार निराधार नव्हती. इमारत मात्र खचत गेली.

१९६९ च्या अधिनियमाने या वादात शासनाला आणले. जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळाकडे काम सोपविण्यात आले. १९८६ च्या दुरुस्तीने सत्तर टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी इमारत संपादित करण्याची तरतूद केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेले भाडे कालौघात अवाजवी झाल्याचे म्हटले. १९९९ च्या अधिनियमाने वार्षिक चार टक्के वाढ मान्य केली आणि पागडीही वैध ठरविली. १९८६ च्या तरतुदीतून उद्भवलेल्या वादातच २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला की, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही.

पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली प्रकाशित झाली. १९४७ आणि १९६९ या दोन्ही अधिनियमांपासून नेमक्या अकरा वर्षांच्या अंतरावर. दुरुस्तीचे दायित्व ठरले होते, पण खर्च पेलणारा कोणी उरला नव्हता, असा हा काळ. या काळातील चाळ-साहित्यातला मालक वाचताना स्वभावचित्र आणि कायद्याने निर्माण केलेला पेच यांत भेद करणे म्हणूनच आवश्यक ठरते.