मालगाडीचा लगाम

आगगाडीचा इतिहास सांगणारे बहुधा वेगाच्या गोष्टी सांगतात. पहिली गाडी केव्हा धावली, कोणत्या इंजिनाने किती भार ओढला, याच्या नोंदी जागोजाग सापडतात. धावती गाडी थांबवावयाची कशी, ही हकिकत मात्र कोणी फारशी सांगत नाही. आणि मालगाडीच्या बाबतीत तर खरा प्रश्न तोच असतो. इंग्रजी ‘वॅगन’ची मराठीने ‘वाघीण’ केली. तो शब्द प्रथम उच्चारणाऱ्याच्या मनात विनोद नसेलही. पण भरलेल्या चाळीस वाघिणी उताराला लागल्या म्हणजे हे नाव किती यथार्थ आहे, हे इंजिन-ड्रायव्हरला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर सुरतेने फार लवकर दिले. ते यंत्राचे नव्हते, मार्गाच्या निवडीचे होते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला तुकडा 1860 च्या फेब्रुवारीत अंकलेश्वर ते उतराण असा सुरू झाला. उतराण म्हणजे सुरतेसमोरचा ताप्तीचा उत्तर काठ. या कंपनीचा अभियंता कर्नल जे. पी. केनेडी हा चढउतारांचा हाडवैरी होता. रेल्वेने डोंगर चढू नये, वाट लांबली तरी चालेल, पण ती सपाटीने न्यावी, हे त्याचे ठाम मत. सुरतेहून ताप्तीच्या खोऱ्याने खानदेश-वऱ्हाडात शिरावे, म्हणजे सह्याद्री ओलांडण्याचा प्रसंगच येणार नाही, असे तो सांगत असे. सरकारने मात्र घाट चढण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुलाकडे दिले, आणि केनेडीची कंपनी किनाऱ्याकिनाऱ्याने 1864 च्या नोव्हेंबरात मुंबईस पोहोचली. ताप्तीच्या खोऱ्यातील रेल्वे व्हावयास पुढे 1900 साल उजाडले. सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरास जाणारी हीच ती ताप्ती व्हॅली रेल्वे. आज उधना-लिंबायत भागात खानदेशी बोली सहज कानी पडते, तिचे बरेचसे श्रेय या रुळांना द्यावे लागेल.

केनेडीचा आग्रह किती सार्थ होता, हे थोड्या हिशेबाने कळते. सुरतेच्या मुख्य मार्गावर चढ धरला होता पाचशे फुटांत एक फूट. बोरघाटात सर्वांत कठीण चढ आहे सदतीस फुटांत एक फूट. पाचशे टनांची गाडी सुरतेच्या बाजूच्या उतारावर उभी केली, तर तिचे वजन तिला खाली ओढते ते एक टन जोराने. तीच गाडी बोरघाटात साडेतेरा टन जोराने खाली खेचली जाते. बोरघाट 1863 साली खुला झाला तेव्हा त्यासाठी खास इंजिने घडवावी लागली. त्यांच्या चाकांमध्ये रुळांवरच दाबून धरावयाच्या घसरपट्ट्या बसविलेल्या होत्या, कारण चाकांच्या ब्रेकांवर कोणाचा भरवसा नव्हता. ही भीती अनाठायी नव्हती. 1869 च्या जानेवारीत घाट उतरणारी एक गाडी खंडाळ्याच्या उलट-फिरत्या स्थानकावर न थांबता थेट पुढे गेली आणि माणसे मेली.

त्या काळच्या मालगाडीत ब्रेक असे तो दोनच टोकांना. पुढे इंजिन व त्याचा टेंडर, मागे गार्डाचा डबा. मधल्या वाघिणी नुसत्या साखळीने जोडलेल्या. ड्रायव्हरने तीन आखूड शिट्या दिल्या की गार्डाने आपल्या डब्यातील चाक फिरवून ब्रेक आवळावयाचा. अर्ध्या मैलाच्या गाडीत ती शिटी ऐकू येणे, रात्री, पावसात, हेच एक दिव्य होते. येथे वजनाला फार महत्त्व असे. ब्रेक कितीही कडक आवळला तरी चाक हलके असेल तर ते रुळावर नुसते घसरते. म्हणून कोळसा-पाण्याने भरलेला टेंडर हा केवळ इंजिनाचा शिधा नव्हता, तो त्याचा नांगरही होता.

पुढे डिझेल इंजिन आले आणि हा नांगर नाहीसा झाला. त्यातून उद्भवलेली अडचण इंग्लंडात जितकी स्पष्ट दिसली, तितकी अन्यत्र क्वचितच दिसली असेल. 1955 च्या आधुनिकीकरण योजनेने तेथे वाफेच्या जागी डिझेल आणण्याचे ठरले. परंतु लक्षावधी वाघिणी अजून बिनब्रेकाच्या होत्या. जुने मालगाडीचे इंजिन टेंडरसह सव्वाशे टनांच्या घरात भरे. नव्या मध्यम डिझेलांचे वजन सत्तर-ऐंशी टन. ओढण्याची ताकद पुरेशी, थांबविण्याची तोकडी! तेव्हा काढलेला तोडगा पाहून हसू आवरत नाही. प्रवासी गाड्यांच्या भंगारातील सांगाडे घेऊन त्यांवर बुटकी पेटी बसविली, ती लोखंडाच्या तुकड्यांनी भरून सुमारे पस्तीस-सदतीस टनांची केली, आणि ब्रेकाच्या नळीने इंजिनास जोडली. नाव दिले ‘ब्रेक टेंडर’. त्यात कोळसा नाही, पाणी नाही, माणूसही नाही; काम एकच, जड असणे. कधी ते इंजिनाच्या मागे असत, कधी पुढे ढकलले जात. ड्रायव्हरला वाट दिसावी म्हणून त्यांची उंची बेताची ठेवलेली. वाघिणींना ब्रेक बसत गेले तसतसे 1970 नंतर हे लोखंडी ओझे मागे पडत गेले. घरात नवे आणावयाचे आणि जुने टाकावयाचे नाही, या वृत्तीचा असा वजनदार नमुना दुसरा मिळणे कठीण.

आपल्याकडेही डिझेल हलकेच होते. पश्चिम रेल्वेने 1955-56 साली कच्छच्या पाणीटंचाईच्या मुलखात, गांधीधामच्या मीटरमापी मार्गावर, वीस लहान डिझेल इंजिने आणली. मुख्य मार्गावरील डिझेलच्या आपल्याकडील आरंभीच्या अध्यायांपैकी तो एक. मोठ्या मापावर डब्ल्यू. जी. जातीचे वाफेचे इंजिन टेंडरसह सुमारे 170 टन होते. 1962 पासून आलेले डब्ल्यू. डी. एम. 2 होते सुमारे 113 टन. म्हणजे साठ-एक टनांचा नांगर येथेही गेला. तरीही इंग्लंडची युक्ती येथे मालगाड्यांचा नियम झाली नाही. कारण येथल्या वाघिणींना निर्वात ब्रेकाची नळी आधीच जोडलेली होती. इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत एकच नळी. तिच्यातील हवा काढून घेतली की ब्रेक सुटतात, हवा आत शिरली की प्रत्येक वाघिणीचा ब्रेक आपोआप लागतो. गाडी तुटली तर दोन्ही तुकडे आपणच थांबतात. वाफेचे इंजिन ही हवा वाफेच्या झोताने काढी, डिझेल ती पंपाने काढू लागले, फरक एवढाच. थांबविण्याचा भार पुढच्या एकट्यावर न ठेवता साऱ्या गाडीवर वाटून दिलेला होता.

या व्यवस्थेचेही दुखणे होतेच. हवेचा दाब निसर्गाने ठरविलेला, तो वाढविता येत नाही. गाडी लांबली की शेवटच्या वाघिणीला बातमी उशिरा पोहोचते. पुढच्या थांबू लागतात, मागच्या येऊन आदळतात, आकडे तुटतात. नळी गळकी असली तर गार्डाच्या डब्यातील काटा लगेच चुगली करी, आणि गाडी तपासणाऱ्याने लिहून दिलेल्या ब्रेकाच्या दाखल्यावाचून ड्रायव्हर गाडी हलवीत नसे. भारी गाड्यांसाठी 1980 नंतरच्या बॉक्सएन वाघिणींबरोबर दाबलेल्या हवेचा ब्रेक सर्वत्र पसरू लागला, तेव्हा कोठे हे दुखणे हटले.

या सर्वांत गार्डाचे काय झाले? ज्याच्या मनगटावर एके काळी गाडीचे मागले टोक थांबे, त्याच्या हाती हळूहळू झेंडी, दिवा व नोंदवही एवढेच उरले. 2022 साली त्यास ‘ट्रेन मॅनेजर’ हे नाव मिळाले, आणि त्याच सुमारास त्याच्या जागी शेवटच्या वाघिणीला एक यंत्र लावण्याचे प्रयोगही चालू होते. नाव मोठे झाले आणि आसन डळमळले, असे एकाच वेळी व्हावे हा योग विचित्र खरा. उघड्या डब्यात, धुळीत नि थंडीत तासन् तास एकटे बसणे यात सुख काही नव्हते. पण आपण नसतो तर गाडी थांबली नसती, हे जाणण्याचा एक मान त्यात होता.

ब्रेक टेंडरचा एक भाऊबंद मात्र आपल्याकडे अजून राबतो आहे, सपाटीवर नव्हे तर घाटात. गोव्याकडे उतरणाऱ्या कॅसलरॉक-कुळे घाटात भरलेल्या मालगाडीस जादा इंजिने लावतात ती ओढण्यासाठी नव्हे, धरून ठेवण्यासाठी. आणि त्यांचे वजन व विजेच्या मोटारींचा उलटा जोर मिळून वाघिणींना आवरतो. बोरघाटात काही ठिकाणी रुळांचे सांधे एरवी डोंगरावर चढणाऱ्या बाजूच्या रुळाकडेच वळविलेले असतात. उतरणारी गाडी तेथे येऊन पुरती उभी राहिली, म्हणजेच ड्रायव्हरचा लगाम शाबूत आहे असे दिसले, की मगच मुख्य मार्ग तिच्यासाठी जोडला जातो.