पोटाचा टाका

मोंढ्यावरचा हमाल पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आला की दोन दिवसांत एकच प्रश्न विचारतो : ओझे केव्हा उचलू? ह्याचे उत्तर पोटात काय बिघडले होते यावर जितके, तितकेच पोट शिवले कसे यावरही अवलंबून असते. आम्ही वैद्य नव्हे. परंतु सुतावरचा ताण आमच्या कामगारबंधूंना उपजत कळतो, म्हणून हा विषय घेतला आहे.

आपल्याकडे ही विद्या फार जुनी. सुश्रुताने टाक्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या एकाचे नाव तुन्नसेवनी, म्हणजे सरळसरळ रफूकाम! धाग्यासाठी बारीक सूत, ताग, केस, स्नायू असे जे हाती येईल ते त्याने नोंदले आहे. आतड्याला भोक पडले तर कडा जुळवून तेथे काळ्या मुंग्या चावू द्याव्या, धड तोडून डोके तसेच ठेवावे आणि मग पोट बाहेरून शिवावे, असेही तो सांगतो. आतल्या टाक्याने शरीरातच विरून जावे, ही कल्पना तेव्हा सुचली हे नवलच म्हटले पाहिजे.

1867 साली लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेचे तत्त्व जगापुढे मांडले आणि पोट उघडण्याचे धाडस वाढले. धागा मेंढीच्या आतड्याचा, कॅटगट. परंतु तो दोन-तीन आठवड्यांत बळ सोडतो, आणि स्नायूंना मधोमध सांधणारा चिवट पडदा पुरता भरून यायला कित्येक महिने लागतात. पुढे पोलादी तार आली, नायलॉन आले, सावकाश विरघळणारे कृत्रिम धागे आले. आमच्या वाळूजचा पत्ता छापलेली टाक्यांची पाकिटेही देशभर गेली आहेत.

तरी पोटे उसवतच राहिली, आणि तातडीच्या शस्त्रक्रियेत विशेष. 1956 साली आमच्या शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयात रोगी येतो तो बैलगाडी, एस.टी. करीत, उशिराने. विषमज्वराने आतडे फुटलेले, पोटात पू, आतडी फुगलेली, अंगात रक्त नाही. आठवड्याभराने एक खोकला येतो आणि जखम उघडते. दोष कोणाचा? धाग्याचा, असे पुष्कळ दिवस मानले गेले.

1976 साली जेन्किन्स या इंग्रज शल्यविशारदाने हिशेब मांडला. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगते, तेव्हा जखमेची लांबी शेकडा तीसपर्यंत वाढू शकते. धागा आखूड व आवळलेला असेल तर तो तुटत नाही. तारेने साबण कापावा तसा तो मांसालाच कापीत जातो. म्हणून जखमेच्या चौपट तरी धागा लागला पाहिजे : वीस सेंटिमीटरच्या जखमेला ऐंशी. आवळून शिवले म्हणजे पक्के शिवले, हा समज येथे ढासळला. मागावर बसणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. ताण एका तारेवर आला की ती जाते, वाटून दिला की कापड टिकते.

2015 साली नेदरलंड्समधल्या दहा रुग्णालयांनी 560 रोग्यांवरचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. एक-एक सेंटिमीटरच्या मोठ्या टाक्यांनंतर वर्षभरात शेकडा 21 जणांना जखमेतून हर्निया झाला. पाच-पाच मिलिमीटरच्या बारीक टाक्यांनंतर शेकडा 13 जणांना. हे रोगी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांचे होते, फुटलेल्या आतड्याचे नव्हेत, हे विसरता कामा नये. तातडीच्या रोग्यासाठी सुटे टाके बरे की सलग, यावर शल्यविशारदांत वाद चालत आले आहेत.

त्या चाचणीतला एक आकडा मात्र आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. बारीक टाक्यांनी पोट शिवायला चौदा मिनिटे लागली, मोठ्यांनी दहा. चार मिनिटांचा फरक! पण तातडीची शस्त्रक्रिया पहाटे चारला संपते, वरिष्ठ हातमोजे काढतो, आणि पोट बंद करण्याचे काम पुष्कळदा सर्वांत धाकट्या, सर्वांत जागलेल्या डॉक्टराच्या हाती पडते. दाराबाहेर पुढचा रोगी स्ट्रेचरवर असतो. कामाच्या तासांचा प्रश्न गिरणीच्या भोंग्यापाशी संपतो असे ज्यांना वाटते, त्यांनी ही चार मिनिटे कोठून आणायची ते सांगावे. कारण उसवलेल्या पोटाचा हमाल पुन्हा पोते उचलीत नाही, आणि त्याची मजुरी त्या दिवसापासून बंद होते.