क्ष बदलत नाही

सत्तरी ओलांडल्यावर मी हास्केल ही संगणकभाषा शिकते आहे. इतर अनेक भाषांत ‘क्ष = क्ष + १’ म्हणजे क्षची किंमत एकाने वाढवा. हास्केलमध्ये एकदा ठरलेला क्ष बदलत नाही, शाळेतल्या बीजगणितासारखाच!

या फरकाचं मूळ १९३६ सालात आहे. आकडेमोड म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर दोघांनी दिलं. ट्यूरिंगने फितीवर लिहिणारं-पुसणारं काल्पनिक यंत्र मांडलं, चर्चने नुसती फलनं. दोन्ही उत्तरं समान ताकदीची निघाली. संगणक मात्र लिहीत-पुसतच चालले, आणि बहुतेक भाषाही.

चर्चच्या वाटेवरची हास्केल १९९० साली आली. नवशिक्यांनो, बिचकू नका. प्रोग्रामिंग येत नसेल, तर विसरायचंही कमी असतं.