ट्रॅकिओस्टोमी : रुग्णालयातील देखभाल व सुरक्षितता

मानेच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेला छेद देऊन त्यात नळी बसवणे म्हणजे ट्रॅकिओस्टोमी. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या किंवा घशात अडथळा असलेल्या रुग्णांवर ती करतात. १९८५ मध्ये शल्यचिकित्सक चाग्लिया यांनी सुई व तारेच्या आधाराने छिद्र रुंदावत नेण्याची पद्धत मांडली आणि ही शस्त्रक्रिया अतिदक्षता विभागात, खाटेवरच होऊ लागली. पुढे असे रुग्ण नळीसह सर्वसाधारण वॉर्डांतही जाऊ लागले. तिथे जोखीम आणखी वाढते. नळी कफाने तुंबते, कूस बदलताना निसटते, आणि हाताशी असलेल्या माणसाला काय करायचे ते ठाऊक नसते.

ब्रिटनमधील श्वसनमार्गाच्या दुर्घटनांच्या राष्ट्रीय पाहणीने (२०११) अतिदक्षता विभागातील मृत्यू व मेंदूच्या इजांमागे निसटलेली नळी हे एक प्रमुख कारण असल्याचे दाखवले. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे कॅप्नोग्राफ न वापरणे हा दोषही तिने ठळकपणे नोंदवला. मँचेस्टरचे भूलतज्ज्ञ ब्रेंडन मॅग्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणीबाणीतील कृतिक्रम प्रसिद्ध केला. त्यातील सर्वांत उपयोगी भाग सर्वांत स्वस्तही आहे : खाटेच्या डोक्याशी लावायचा फलक. घशाची वरची वाट शिल्लक असेल तर हिरवा, स्वरयंत्र पूर्ण काढलेले असेल तर लाल. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाच्या नाकातोंडाचा फुप्फुसांशी संबंधच उरलेला नसतो. केवळ तोंडावर मास्क धरून त्याला प्राणवायू मिळत नाही. म्हणूनच आणीबाणीत वेळ न दवडता तोंडावर आणि मानेवर, दोन्हीकडे प्राणवायू द्यायचा, मग आतली नळी काढायची, सक्शनची नळी जाते का ते पाहायचे, नळीभोवतीचा हवेचा फुगा सोडायचा. तरीही श्वास चालेना तर संपूर्ण नळीच काढून टाकायची. नळी म्हणजेच श्वास अशी समजूत असलेल्या कर्मचाऱ्याला ही शेवटची पायरी अवघड जाते. तुंबलेली नळी ठेवून देण्यात मात्र काहीच शहाणपण नाही.

मेलबर्नच्या ऑस्टिन रुग्णालयाने फिरत्या बहुशाखीय पथकाची पद्धत रूढ केली : डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट व वाचा-उपचारतज्ज्ञ मिळून प्रत्येक नळीधारकाला भेटतात आणि नळी कधी काढायची हे ठरवतात. पुढे विविध देशांतील रुग्णालये ‘ग्लोबल ट्रॅकिओस्टोमी कोलॅबोरेटिव्ह’द्वारे आपले अनुभव व नोंदी एकत्र करू लागली.

दैनंदिन देखभालीत श्वासाची हवा दमट ठेवणे, आतली नळी नियमित धुणे आणि फुग्याचा दाब साधारण २० ते ३० सेंमी जलस्तंभ राखणे महत्त्वाचे. खाटेशी त्याच मापाची व एक माप लहान अशा दोन जादा नळ्या हव्यात. बोलण्याची झडप लावण्यापूर्वी फुगा पूर्ण सोडलाच पाहिजे; तो फुगलेला राहिल्यास हवा आत जाते, बाहेर पडत नाही, आणि रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो.